पडलेला वाडा मोबाईलमध्ये उभा करायचा असेल तर

प्रश्न एका दुर्गसंवर्धन मंडळाचा आहे. थोडक्यात असा: आमच्या तालुक्यातल्या गडावर बालेकिल्ल्यातल्या वाड्याची फक्त जोती उरली आहेत. एका कंपनीने प्रस्ताव दिला आहे, की जोत्यांसमोर मोबाईल धरला की त्यांवर मूळ वाडा उभा दिसेल. पैसे वर्गणीतून उभे करायचे आहेत. खऱ्या आणि डिजिटल जगाची ही सांगड नेमकी कशी घालतात? गडावर ती टिकते का? आणि एआर, व्हीआर, एमआर यांतलं आम्ही काय घ्यावं?

नमस्कार. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. कारखान्यांसाठी प्रशिक्षण, संग्रहालयं आणि अधूनमधून गड-किल्ले. आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. गडावर हे करता येतं आणि करावंही. पण ‘कुठेही उभे राहा, मोबाईल फिरवा, वाडा जागच्या जागी दिसेल’ असं कुणी म्हणत असेल, तर त्यांना श्रावणातल्या एखाद्या दुपारी गडावर न्या आणि तुमच्या मोबाईलवर करून दाखवा म्हणा. पैशांचं बोलणं त्यानंतर.

नावांचा घोळ आधी मिटवू. व्हीआरमध्ये डोळ्यांवर हेडसेट चढतो आणि समोरचं खरं जग पूर्ण झाकलं जातं. एआरमध्ये खरं जग दिसत राहतं आणि त्यावर काहीतरी आणून ठेवलेलं असतं. एमआर म्हणजे त्या आणून ठेवलेल्या गोष्टीला खऱ्या जागेचं भान असतं: ती टेबलावर टेकते, भिंतीमागे लपते. पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये या सगळ्याची एकच पट्टी मांडली. एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निखळ आभास आणि मधे सगळी मिसळण. कंपन्या नावं बदलत राहतात, पण मला आजही ही पट्टीच उपयोगी पडते. तुमचं काम पट्टीवर कुठे बसतं हे ठरलं की अर्धे प्रश्न सुटतात.

कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये डोक्यावर लावायचा पडदा बनवला होता. त्याचा सांगाडा छताला टांगलेला असायचा आणि त्यातून तारांच्या चौकटीसारख्या रेषा खऱ्या खोलीत तरंगताना दिसायच्या. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ (म्हणजेच एआर) हे नाव १९९० च्या सुमारास बोईंग या विमान कंपनीतल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या कामातून पुढे आलं. विमानातल्या तारांचे जुडगे बांधताना कामगारांना मोठमोठ्या फळ्यांवरचे आराखडे बघत बसावं लागे. तीच रेघ थेट डोळ्यांसमोर, हव्या त्या जागी दाखवता आली तर, असा त्यांचा प्रश्न होता. ‘हव्या त्या जागी’ हा तेव्हाही अवघड भाग होता आणि आजही आहे.

कारण वाड्याचं त्रिमितीय मॉडेल बनवणं त्या मानाने सोपं आहे. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर हातात बसलेला मुलगा किंवा मुलगी नीट आराखडा मिळाला तर काही आठवड्यांत चांगला वाडा उभा करून देते. आमचा वेळ आणि पैसा जातो तो मॉडेल जागेवर बसवण्यात.

फोनला दोन गोष्टी कळाव्या लागतात: आपण कुठे आहोत आणि कुठे बघतोय. पहिलीसाठी जीपीएस, दुसरीसाठी होकायंत्र, असं सहज वाटतं. आता हिशेब करू. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचं जीपीएस साधारण ३ ते ५ मीटर इकडेतिकडे असतं. शेजारी उंच तट किंवा कडा असेल तर त्याहून जास्त. होकायंत्र ५ ते १० अंशांनी चुकणं अगदी नेहमीचं, आणि जवळ लोखंडी कठडा असेल तर विचारूच नका. तुम्ही जोत्यापासून ३० मीटरवर उभे असाल आणि दिशा १ अंशाने चुकली, तर वाडा अर्धा मीटर सरकतो. १० अंशांनी चुकली तर ५ मीटरहून जास्त. म्हणजे वाडा जोतं सोडून शेजारच्या टाक्यात उभा. पोकेमॉन गो हा काल्पनिक प्राणी पकडायचा मोबाईल-खेळ २०१६ मध्ये जगभर खेळला गेला तो जीपीएसवरच. तिथे ते चाललं, कारण प्राणी झाडाच्या डावीकडे दिसला काय, उजवीकडे दिसला काय, कुणाचं काही अडत नव्हतं. तुमच्या वाड्याचा खांब मात्र त्याच्या तळखड्यावरच, म्हणजे खांबाखालच्या दगडावरच, यायला हवा. वीतभर सरकला तरी पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

म्हणून दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. फोनला कॅमेऱ्यातून जागा ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर ॲपलने २०१७ मध्ये एआरकिट नावाने आणलं, गूगलचं तसंच एआरकोअर २०१८ च्या सुरुवातीला सर्वांसाठी खुलं झालं, आणि तेव्हापासून साध्या फोनमध्ये ही सोय आली. फोन कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रातून ठळक बिंदू उचलतो: चिऱ्याचा कोपरा, भेग, शेवाळाचा डाग. तुम्ही दोन पावलं चाललात की जवळचे बिंदू जास्त सरकतात, लांबचे कमी. त्या फरकावरून कोण किती दूर आहे ते कळतं. सोबत फोनमधला त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा) आणि जायरोस्कोप (वळणं मोजणारा) सेकंदाला शेकडो वेळा हालचाल मोजत असतात. नुसत्या त्वरणमापकावर विसंबता येत नाही, कारण त्वरणावरून अंतर काढायला दोनदा बेरीज करावी लागते आणि बारीकशी चूकही काही सेकंदांत मीटरभर फुगते. कॅमेरा ती चूक सतत सावरतो. फोन झटकन वळवल्यावर कॅमेऱ्याचं चित्र पुसट झालं, की तेवढ्यापुरता जायरोस्कोप कॅमेऱ्याला सावरतो. दोघं मिळून फोनची हालचाल सेंटीमीटरच्या हिशेबात सांगतात. खोलीत हे चाललेलं बघितलं की आजही मला फार आनंद होतो.

पण यातून कळतं ते फक्त ‘सुरू केल्यापासून मी किती हललो’. हे जोतं वाड्याचं की अंबरखान्याचं, ते फोनला कळत नाही. त्यासाठी जागेचा नकाशा आधी तयार ठेवावा लागतो. आधी येऊन शेकडो फोटो काढायचे, त्यांतल्या बिंदूंचा साठा करायचा, आणि पर्यटकाचा फोन आता जे बघतोय ते त्या साठ्याशी जुळवायचं. शहरात गूगल हेच स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे त्यांनी रस्तोरस्ती काढून ठेवलेल्या, फोटोंवरून करतं. २०२२ पासून ती सोय ॲप बनवणाऱ्यांनाही दिली आहे. गडावर असा साठा नाही, तो तुम्हालाच करावा लागणार.

आणि इथे सह्याद्री आडवा येतो. समजा मार्च महिन्यात सगळे फोटो काढले. दगड कोरडे, काळे-राखाडी, गवत वाळलेलं, जोत्याची प्रत्येक कड उघडी. ॲप तयार झालं, उद्घाटन झालं, आणि पावसाळ्यात लोक यायला लागले. तेव्हा जोत्यावर गुडघाभर गवत असतं, चिऱ्यांवर शेवाळ असतं, ओल्या दगडावर आकाश चमकत असतं आणि दहा पावलांपलीकडे धुकं. फोनच्या लेखी ती जागाच वेगळी. मार्चमधला एकही बिंदू त्याला सापडत नाही आणि पडद्यावर ‘फोन हळू फिरवा’ एवढीच सूचना येत राहते. दसऱ्यानंतर मंडळाने साफसफाईची मोहीम काढून गवत कापलं की जागा पुन्हा बदलते. दुसरी अडचण सारखेपणाची. रायगडावरची बाजारपेठ आठवा. समोरासमोर एकाच मापाच्या दुकानांची रांग. माणसालाही मोजत गेल्याशिवाय आपण कितव्या दुकानापाशी आहोत ते सांगता येत नाही. फोन तिथे बेधडक चुकीच्या जोत्यावर चित्र बसवतो. न दिसण्यापेक्षा हे वाईट, कारण पाहणाऱ्याला चूक झाल्याचं कळतच नाही.

कारखान्यात किंवा दवाखान्यात हेच तंत्र का चालतं, ते यावरून लक्षात येईल. चाकणच्या एखाद्या कारखान्यात यंत्र जमिनीला बोल्टने आवळलेलं असतं, दिवे बारा महिने तेच, यंत्राचं मूळ रेखाचित्र हाताशी असतं आणि एका कोपऱ्यात छापील खूण चिकटवली की फोनला मिलिमीटरपर्यंतचा ठाव लागतो. दवाखान्यात शीर शोधायचं यंत्र असतं. लहान मुलाला सलाईन लावताना नर्स ते हातावर धरते आणि कातडीवर शिरांचं जाळं उमटतं. मला हे एआरचं सगळ्यात सुंदर रूप वाटतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हातावर पडतो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून शिरेच्या जागी परत येणारा प्रकाश कमी होतो. कॅमेरा तो फरक टिपतो आणि तेच चित्र त्याच जागी कातडीवर टाकतो. चष्मा नाही, पडदा नाही, ॲप नाही. मोजणारं आणि दाखवणारं दोन्ही एकाच यंत्रात, वीतभर अंतरावर, त्यामुळे जागा चुकायला वावच कमी.

जागा बरोबर साधली तरी वाडा ‘बसलेला’ वाटत नाही, तरंगतो. त्याला दोन कारणं. एक सावली. डोळा वस्तू जमिनीवर आहे की नाही हे तिच्या तळाशी पडलेल्या काळोखावरून ठरवतो. भिंत जिथे जोत्याला टेकते तिथे वीतभर मऊ अंधार काढला नाही, तर कितीही कोरीव मॉडेल असलं तरी ते कागदाचं दिसतं. मोठ्या सावलीचं काम आपल्याकडे फुकट होतं: तारीख, वेळ आणि गडाचे अक्षांश-रेखांश माहीत असले की सूर्य कुठे आहे ते अचूक काढता येतं. शेजारच्या खऱ्या बुरुजाची सावली ज्या बाजूला पडली आहे, त्याच बाजूला वाड्याची पाडायची. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो, तो चार पट महाग मॉडेलने पडत नाही. मात्र ढगाळ दिवशी कडक सावली काढली तर उलटा परिणाम होतो. म्हणून आभाळ आणि ऊन अशा दोन अवस्था ठेवाव्या लागतात.

दुसरं कारण पुढे-मागे असणं. तुम्ही आणि वाडा यांच्यामध्ये तटाचा तुकडा असेल तर वाडा त्यामागे लपला पाहिजे. तो तटावरून रंगवल्यासारखा दिसला की सगळं संपलं. काही फोनमध्ये लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा भाग, असतो, पण त्याची नजर साधारण ५ मीटरपर्यंत. ३० मीटरवरचा तट त्याला दिसत नाही. यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे उभ्या तटाचंही मॉडेल करायचं, पण ते रंगवायचं नाही. तो अदृश्य साचा म्हणून तिथे ठेवायचा, म्हणजे त्याच्या मागचं आपोआप कापलं जातं. प्रस्तावात हा खर्च दाखवलेला आहे का बघा. बहुतेक वेळा नसतो.

चष्म्यांबद्दल विचाराल म्हणून सांगतो: आरपार दिसणारे एआर चष्मे उघड्या गडावर नकोत. त्यांची काच फक्त प्रकाश घालू शकते, काढून घेऊ शकत नाही, म्हणून त्यांत काळा रंग काढता येत नाही आणि सावलीही काढता येत नाही. दुपारच्या उन्हात जमिनीवर १ लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो, ऑफिसात ३०० ते ५००. त्या उन्हात काचेवरचं चित्र विरून जातं. ॲपल व्हिजन प्रो किंवा क्वेस्ट ३ या हेडसेटची पद्धत वेगळी. ते कॅमेऱ्याने बाहेरचं चित्र घेऊन आतल्या पडद्यावर दाखवतात, त्यामुळे काळं काढता येतं. पण तो डबा डोळ्यांवर लावून कड्याशेजारी चालायला मी कुणालाही देणार नाही.

आता तुम्ही काय करावं.

क्रिकेट बघताना यष्ट्यांमागच्या हिरवळीवर उभी असल्यासारखी दिसणारी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ती खरं तर सपाट पडलेली असते. मैदानात जाऊन पाहिली तर ती लांबट आणि वेडीवाकडी दिसते. ती उभी दिसते फक्त एका ठरलेल्या कॅमेऱ्यातून, कारण त्या कॅमेऱ्याची जागा धरूनच ती रंगवलेली असते. फोन ‘कुठे आहे’ हा प्रश्न तिथे उरतच नाही. तुम्हीही तो प्रश्न उरू देऊ नका. गडावर दोन किंवा तीन ठरलेल्या जागा निवडा आणि तिथे साधा स्टँड ठेवा, ज्याच्या खाचेत फोन ठेवता येईल. जागा पक्की झाली, उंची पक्की झाली. राहिली फक्त दिशा. तिच्यासाठी समोरच्या डोंगरांची कड वापरा. पडद्यावर त्या कडेची रेघ दाखवायची आणि माणसाने फोन फिरवून ती रेघ खऱ्या डोंगरावर जुळवायची. गवत वाढतं, शेवाळ येतं, पण डोंगराची कड बारा महिने तीच असते. एकदा जुळली की पुढचं वळणं जायरोस्कोप सांभाळतो; लांब वेळ फिरवल्यावर थोडी सरकली तर पुन्हा जुळवायची. दाट धुक्यात हे चालणार नाही, तेव्हा ॲपने तसं सरळ सांगावं आणि नुसतं चित्र दाखवावं.

या पद्धतीचा मोठा फायदा स्वस्त फोनवर दिसतो. एआरकोअर सगळ्या फोनवर चालत नाही, गूगलने तपासून मंजूर केलेल्या मॉडेलांवरच चालतं. गडावर येणाऱ्या शाळकरी मुलांच्या हातात पालकांचा जुना फोन असतो. जागा ठरलेली असेल तर वाड्याचं चित्र आधीच चांगल्या संगणकावर पूर्ण रंगवून, सावल्यांसकट, गोल पॅनोरमाच्या रूपात ठेवता येतं. फोनने ते नुसतं फिरवून दाखवायचं. बॅटरी कमी जाते, फोन तापत नाही, आणि इंटरनेट लागत नाही. हे शेवटचं विसरू नका. ॲप पायथ्याला, रेंज असतानाच उतरवून घ्या अशी पाटी पार्किंगपाशी लावा. उन्हाळी आणि पावसाळी असे चित्रांचे दोन संच केले तर हिरव्यागार गडावर वाळक्या गवतातला वाडा दिसणार नाही.

याहूनही साधी गोष्ट सांगू का? एक उभी पारदर्शक पाटी, तिच्यासमोर डोळा लावायला भोक असलेला खांब, आणि पाटीवर वाड्याच्या रेषा. भोकातून पाहिलं की रेषा जोत्यावर बरोबर बसतात. युरोपात काही भग्नावशेषांपाशी अशा पाट्या आहेत. त्यात वीज नाही, बिघडण्यासारखं काही नाही, आणि आजोबांपासून नातवापर्यंत कुणालाही शिकवावं लागत नाही. पैसे कमी पडले तर मी आधी हे करेन, ॲप नंतर.

स्टँड असो वा पाटी, परवानगीशिवाय गडावर खिळासुद्धा मारू नका. गड केंद्राच्या संरक्षणाखाली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याच्या यादीत असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. स्टँड जमिनीत न रोवता स्वतःच्या वजनावर उभा राहील असा करा आणि अर्जात तसं लिहा. ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी. आणि जागा निवडताना कड्यापासून, तटाच्या पडक्या कठड्यापासून, उघड्या टाक्यापासून लांब राहा. पडद्यात सबंध वाडा मावावा म्हणून माणूस नकळत मागे मागे सरकतो. स्टँडचा हाही एक उपयोग, की तो माणसाला एका जागी धरून ठेवतो.

व्हीआरची जागा गडावर नाही, पायथ्याला आहे. ज्यांचे गुडघे गड चढू देत नाहीत, त्यांच्यासाठी. पायथ्याच्या शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात खुर्चीवर बसवून बालेकिल्ला दाखवता येतो. आयुष्यभर खालून गड पाहिलेल्या आजीबाई हेडसेटमध्ये मान वर करून नगारखान्याकडे बघतात, तेव्हा या कामाचं चीज होतं. दोन पथ्यं पाळा. एक, पाहणाऱ्याला आभासी जगात चालवू किंवा उडवू नका. डोळे म्हणतात हललो, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते नाही हललो, आणि मळमळ सुरू होते. एका जागेवरून दुसरीकडे जाताना चित्र काळं करून पुन्हा उजळवा. दोन, मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत हवा, म्हणून जुन्या फोनवर पुठ्ठ्याचा चष्मा लावून दहा-दहा मिनिटं दाखवू नका. लहान मुलांसाठी हेडसेटच्या कंपन्यांनीच वयाची अट सांगितलेली असते, ती पाळा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा वाडा कसा दिसत होता, हे तुम्हाला किती ठाऊक आहे? १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफखान्यापुढे रायगडावरचे वाडे आगीत गेले. लाकूड, कौलं, गिलावा, सगळं गेलं. दगड राहिले. तुमच्या गडावरही तेच असणार. जोत्यावरून लांबी-रुंदी कळते, तळखड्यांवरून खांबांची संख्या आणि अंतर कळतं, भिंतीतल्या खोबणींवरून एखादी तुळई कळते. छताचा उतार कळत नाही. वरचा मजला होता की नव्हता ते कळत नाही. कमानीचं नक्षीकाम तर नाहीच नाही. पण चित्र बनवणाऱ्याला मधेच थांबता येत नाही; तो रिकामी जागा भरतो, आणि बहुधा मालिकेतला किंवा सिनेमातला महाल बघून भरतो. मग एखादा मुलगा गडावर उभा राहून, खऱ्या जोत्यावर, खऱ्या उन्हात ते बघतो आणि आयुष्यभर तोच वाडा खरा मानतो. पुस्तकातलं काल्पनिक चित्र असं मनावर बसत नाही. जागेवर बसवलेलं चित्र पुराव्यासारखं वाटतं. या तंत्राची ताकद तीच आहे, म्हणून जबाबदारीही तेवढीच.

वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वं आहेत, २००९ ची. त्यांचा गाभा असा, की काय पुराव्यावर आधारलेलं आहे आणि काय अंदाज आहे, ते पाहणाऱ्याला कळलं पाहिजे आणि त्या निर्णयांची नोंद ठेवली पाहिजे. आम्ही हे असं करतो: जोतं आणि तळखडे यांवरून सिद्ध होणारा भाग पूर्ण रंगात, समकालीन वाड्यांवरून बांधलेला अंदाज फिक्या रंगात, आणि ज्याला आधारच नाही ते नुसत्या रेषेत किंवा अजिबात नाही. सुरुवातीला कार्यकर्ते नाराज होतात, वाडा अर्धवट वाटतो म्हणतात. पण पाहणारे प्रश्न विचारायला लागतात: हा भाग फिका का? खांब इथेच होता हे कसं कळलं? मग ते खाली वाकून तळखडा शोधतात. मला तेच हवं असतं. पडद्यावरून नजर उठून दगडाकडे गेली पाहिजे. त्यासाठी इतिहासाचे अभ्यासक आणि वाडा-बांधणी जाणणारा वास्तुविशारद सुरुवातीपासून सोबत हवा. मॉडेल झाल्यावर तपासायला बोलावू नका.

पैशाच्या बाबतीत एक धोका सांगायलाच हवा. हे क्षेत्र जुन्या गोष्टी झटपट बंद करतं. गूगलचा टँगो हा फोनवरच्या एआरचा आधीचा प्रकल्प २०१८ मध्ये बंद झाला. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स या आपल्या एआर चष्म्याचं उत्पादन थांबवलं २०२४ मध्ये, आणि जागेच्या खुणा स्वतःच्या सर्व्हरवर साठवून ठेवायची त्यांची सेवाही त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडली. ज्यांनी खुणा तिथेच ठेवल्या होत्या, त्यांना दुसरी सोय शोधावी लागली. तुमचं ॲपही पाच वर्षांनी नव्या फोनवर चालेलच असं नाही. पण गडाची मोजणी टिकते. फ्रान्समधल्या नोत्र दाम या जुन्या चर्चला २०१९ मध्ये आग लागली, तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने काही वर्षं आधी लेझरने केलेली मोजणी हाताशी होती. ती कुठल्या ॲपसाठी केलेली नव्हती. तेव्हा करारात लिहून घ्या: मूळ फोटो, बिंदूंचा साठा, मॉडेल, सगळं मंडळाच्या मालकीचं, आणि ओबीजे, जीएलटीएफ, ई५७ अशा खुल्या फॉरमॅटमध्ये हातात मिळालं पाहिजे. दरवर्षीच्या देखभालीचा आकडाही आत्ताच विचारा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यानंतर इतर गडांवरही काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटतंय, आणि ते चांगलंच आहे. पण घाईने ॲप करू नका. तुमच्या हातात आज पैसे नसतानाही करता येण्यासारखं काम आहे. दसऱ्यानंतर, गवत कापून झालं की एक ढगाळ दिवस किंवा अगदी सकाळची वेळ निवडा, म्हणजे कडक सावल्या पडणार नाहीत. साधा कॅमेरा घ्या, झूम एकदा ठरवून पुन्हा हात लावू नका, आणि जोत्याभोवती एक-एक पाऊल सरकत फोटो काढा. प्रत्येक फोटोतला ७०-८० टक्के भाग पुढच्या फोटोत आला पाहिजे. एकदा उभ्याने, एकदा गुडघ्यावर बसून, एकदा काठीला कॅमेरा लावून वरून. जोत्यावर दोन-तीन ठिकाणी मोजपट्टी अंथरून ठेवा, म्हणजे माप कळेल. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सिव्हिल विभागाकडे टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन अचूक मोजायचं यंत्र, असतं. परवानगी घेऊन मुलांना गडावर न्या, चार कोपऱ्यांची पक्की मोजणी करून घ्या. मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात फोटो घातले की जोत्याचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं.

ते मॉडेल घेऊन मग कंपनीशी बोला. आम्हाला या दोन जागांवरून, या स्टँडवरून, या डोंगराची कड जुळवून, असं हवं आहे, म्हणा. तीन प्रश्न विचारा: भर पावसाळ्यात काय दिसेल, एआरकोअर नसलेल्या फोनवर काय दिसेल, आणि वाड्याचा कुठला भाग अंदाज आहे ते कसं दाखवाल. उत्तरं लेखी घ्या. गडाचं नाव आणि जोत्याचे फोटो पाठवलेत तर उभं राहायच्या जागा कुठल्या निवडता येतील, ते मी बघून सांगतो.